जिन्यातले कवडसे

आमच्या क्वार्टरच्या गच्चीवर उन्हाळ्यात दोन गोष्टी वाळत असायच्या. पूर्वेच्या अर्ध्या भागात शेजारणींचे पापड-कुरडया आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या नाकापासून होईल तितके दूर, आजीचे खारे बांगडे. खडकीत समुद्र नाही. मुळा आहे, रेल्वेची फाटकं आहेत, दारूगोळा कारखाना आहे, छावणीतली चिंचेची आणि वडाची झाडं आहेत. वडील त्या कारखान्यात होते. आजी मात्र विजयदुर्गाहून आलेली. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून वडिलांनी आणलेले बांगडे ती चिरायची, मीठ भरायची आणि सुतळीच्या खाटेवर मांडायची. कावळ्यांसाठी तिनं फुटक्या आरशाचा तुकडा दोऱ्याला टांगला होता. वारा आला की तो गरगरायचा आणि उजेडाचा तुकडा टाकीवर, कठड्यावर, समोरच्या इमारतीवर पळत सुटायचा. कावळ्यांना त्याची भीती जेमतेम दोन दिवस वाटली. मला मात्र त्याचं वेड लागलं.

बांगडे महाग झाले किंवा आलेच नाहीत, तर आजी पावसाला दोष द्यायची नाही, माशाला तर नाहीच. "वारो लागल्याशिवाय बांगडो येना नाय," एवढंच म्हणायची. उन्हाचा संबंध तिच्या लेखी मासा मेल्यानंतर सुरू व्हायचा. वाळवायला ऊन, यायला वारा. ही तिची कामाची वाटणी मला तेव्हा अडाणी वाटली होती, कारण शाळेत नुकतंच शिकवलं होतं की पृथ्वीवरचं सगळं अन्न शेवटी सूर्याकडून येतं.

१६ फेब्रुवारी १९८० हा शनिवार होता. अंकोल्याच्या किनाऱ्यावर त्या दुपारी सूर्य पूर्ण झाकला जाणार होता, पुण्यात बराचसा. क्वार्टरच्या खिडक्या बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. घरात आजीसमोर वेगळाच पेच होता. पाण्यात, दुधात, लोणच्याच्या बरणीत तुळशीची पानं टाकून झाली होती, पण डब्यातल्या सुक्या बांगड्यांवर तुळस ठेवायची की नाही? ठेवावी तर तुळस बाटते, न ठेवावी तर बांगडा. ती विचारात असताना मी दार लोटून जिन्यात सटकलो. जिन्याच्या वर पत्रा होता आणि त्याला जुन्या खिळ्यांची भोकं होती. त्यांतून पायऱ्यांवर पडणारे कवडसे एरवी गोल असत. त्या दुपारी प्रत्येक पायरीवर चंद्रकोरी पडल्या होत्या. वीस, तीस, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या.

कवडसा भोकाच्या आकाराचा नसतो, तो सूर्याचा आकार घेऊन येतो, हे त्या दिवशी कळलं. म्हणजे मी जन्मापासून रोज सूर्याच्या चित्रांवर पाय देत जिना चढत होतो.

ते खूळ पुढे सुटलं नाही. आता माझ्याकडे एक छोटी दुर्बीण आहे. तिच्यातून सूर्याकडे बघायचं नाही (हे इथे ठासून लिहिलेलं बरं, डोळा कायमचा जातो), तर मागे पांढरा कागद धरायचा. कागदावर भाकरीएवढा कवडसा उतरतो आणि त्यावर तीळ सांडल्यासारखे डाग दिसतात. २००९ मध्ये मी किती सकाळी कोरा कागद बघितला त्याची गणती नाही. सूर्याला जणू बोलायचंच नव्हतं. २०२४ मध्ये मात्र पेन्सिलीनं डाग उतरवता उतरवता चहा गार व्हायचा. त्या वर्षीच्या मे महिन्यात सूर्यानं असा काही झटका दिला की लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या आभाळात तांबडा उजेड चढला. ऑक्टोबरात शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की चालू चक्र, मोजायला लागल्यापासूनचं पंचविसावं, भरतीच्या टप्प्यात आहे. डागांची ही भरती-ओहोटी साधारण ११ वर्षांची. श्वाबे नावाच्या एका जर्मन हौशी माणसानं, मूळच्या औषधविक्रेत्यानं, ती १८४३ मध्ये मांडली. तोही वर्षानुवर्षं कागदावर ठिपकेच मोजत होता.

कागदावरचे हे तीळ आणि आजीचे बांगडे यांचा काही धागा आहे का, हा प्रश्न मला गच्चीवरच पडला. बांगडा खातो सूक्ष्म प्लवंग. समुद्रातली ही तरंगती वनस्पती, डोळ्यांना न दिसणारी, उन्हावर जगते. सूर्य बदलला तर प्लवंग बदलेल, प्लवंग बदललं तर बांगडा. इतकं सरळ वाटतं.

तितकं ते सरळ नाही. वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सूर्याकडून सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा येते, आणि डागांच्या ओहोटीपासून भरतीपर्यंत तिच्यात फरक पडतो जेमतेम एक हजारांश. डाग काळे असूनही डागाळलेला सूर्य किंचित जास्त तेजस्वी असतो, कारण डागांभोवतीचे उजळ पट्टे तूट भरून काढून वर थोडं देतात. पण एक हजारांश! पावसाळ्यातला एक ढग डोक्यावरून गेला तर याच्या कित्येक पट फरक पडतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर उजेडाचं दुर्भिक्ष हा बहुतेक वर्षभर प्रश्नच नसतो. प्लवंगाला लागतं खत: नायट्रेट, फॉस्फेट, थोडं लोह. आणि ते असतं खाली.

आमटीचं पातेलं वेळभर तसंच ठेवलं की वर नुसतं पाणी दिसतं आणि डाळ तळाशी बसते. उन्हाळ्यातला समुद्र असाच. सूर्य वरचा थर तापवतो, तापलेलं पाणी हलकं होऊन वरच राहतं, आणि जितकं ऊन जास्त तितकी वरची साय घट्ट. म्हणजे नुसत्या उन्हानं समुद्र सुपीक व्हायच्या ऐवजी उपाशीच राहू शकतो. कुणीतरी तळापासून डाव फिरवावा लागतो. अरबी समुद्रात हा डाव मोसमी वाऱ्याच्या हातात आहे. जूनपासून वारा किनाऱ्याच्या कडेनं वाहू लागला की वरचं पाणी किनाऱ्यापासून आत सरकतं आणि त्याची जागा घ्यायला खालचं गार, खताचं पाणी वर येतं. केरळात हे आधी सुरू होतं, मग कर्नाटक, गोवा असं उत्तरेकडे सरकत येतं आणि कोकणात पोचेपर्यंत बरंच मंदावतं. पलीकडे ओमानच्या किनाऱ्यावर याच वाऱ्याचं रूप रौद्र असतं, तिथला समुद्र त्या दिवसांत जगातल्या सर्वांत सुपीक पाण्यांत गणला जातो. गुजरातच्या बाजूला पुन्हा वेगळी तऱ्हा: तिथे हिवाळ्यात उत्तरेचा कोरडा गार वारा वरचं पाणी थंड करून जड करतो, ते बुडतं, आणि डाव फिरतो.

वारो लागल्याशिवाय बांगडो येना नाय.

तर सूर्याचा तो हजारांश समुद्रापर्यंत पोचायचा असेल तर त्याला वाऱ्याच्या वाटेनंच जावं लागणार. ही वाट कशी असावी याची एक कल्पना आमच्या शेजारच्या एका यंत्राशी जोडलेली आहे. खडकीहून चालत जाता येईल अशा अंतरावर, विद्यापीठाच्या आवारात, 'आयुका' आहे. २ सप्टेंबर २०२३ ला उडालेल्या आदित्य-एल१ यानावरची अतिनील दुर्बीण, 'सूट', तिथल्या लोकांनी घडवली. अतिनीलच का? कारण डोळ्यांना दिसणारा उजेड चक्रागणिक जवळजवळ हलत नाही, पण अतिनील किरणांच्या काही पट्ट्यांत काही टक्क्यांपर्यंत चढ-उतार होतो. हे किरण वरच्या वातावरणातल्या ओझोनमध्ये शोषले जातात, तिथलं तापमान हलतं, तिथले वारे हलतात आणि ती हालचाल खालपर्यंत झिरपते. दुसरी वाट खालून वर जाते: निरभ्र समुद्रावर पडलेलं किंचित जास्त ऊन जास्त बाष्प उचलतं आणि ते बाष्प वाऱ्यांबरोबर पावसाच्या पट्ट्यात जाऊन त्याला जोर देतं. दोन्ही वाटा कागदावर पटतात. दर ११ वर्षांनी मासळीच्या टोपलीत त्यांची खूण दिसेल असं मात्र मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

कारण मी ते करून पाहिलं आहे. २००९ पासून एका वहीत मी डावीकडे डागांची संख्या आणि उजवीकडे खडकी बाजारातला बांगड्याचा भाव लिहीत गेलो. पहिली तीन वर्षं दोन्ही रेषा अशा हातात हात घालून चालल्या की बायकोला मी दोनदा दाखवल्या. चौथ्या वर्षी त्या विरुद्ध दिशांना गेल्या आणि पुन्हा भेटल्या नाहीत. बाजारातला भाव डिझेलवर ठरतो, बर्फावर ठरतो, जाळ्याच्या आकारावर आणि श्रावणावर ठरतो. त्यात समुद्र किती आणि सूर्य किती?

या मोहात मी एकटाच सापडलो असं नाही. १८७६ ते ७८ मध्ये दख्खन होरपळत होता. पुण्यात सार्वजनिक सभा दुष्काळाचे अहवाल लिहीत होती आणि लंडनमध्ये १८७७ साली नॉर्मन लॉकियर हा सूर्यशास्त्रज्ञ आणि हंटर हा हिंदुस्थान सरकारचा आकडेतज्ज्ञ मिळून एक लेख लिहीत होते: सूर्यडाग आणि दुष्काळ. डाग कमी झाले की मद्रासकडे पाऊस कमी, असा त्यांचा हिशेब. डागांची ओहोटी त्या वेळी खरोखरच चालू होती. पण धान्याची निर्यात चालू असताना उपासमारीचं खापर सूर्यावर फोडता येणं हे राज्यकर्त्यांना किती सोयीचं असेल, हाही विचार मनात येतोच. सूर्य उत्तर द्यायला येत नाही.

हाच लॉकियर जानेवारी १८९८ मध्ये विजयदुर्गावर येऊन उतरला. आमच्या आजीच्या गावात! २२ जानेवारीचं खग्रास सूर्यग्रहण कोकणातून पुढे देशावर चढणार होतं. त्याच्या दुर्बिणींसाठी किल्ल्यात ओटे बांधले, ते 'सायबाचे ओटे' म्हणून आजही दाखवतात. आजी सांगायची, "सायब इल्लो, दुर्बिणी लावन बसलो, माझ्या आयेन बघलेला." तिथे हेलियमचा शोध लागला असं पर्यटकांना हौसेनं सांगतात. ते खरं नाही. ज्या पिवळ्या रेषेवरून लॉकियरनं हेलियम ओळखला ती त्यानं १८६८ मध्ये इंग्लंडात बसून पाहिली होती, विजयदुर्ग त्यानंतर तीस वर्षांनी. मला त्या खोट्या अभिमानापेक्षा खरी गोष्ट जास्त आवडते: दुष्काळ सूर्यात शोधणारा माणूस दोन मिनिटांच्या अंधारासाठी आमच्या समुद्राकडे पाठ करून उभा होता. त्याच ग्रहणासाठी पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला गेले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, १८८८ मध्ये त्यांनी महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली होती. वीस इंची आरशाची तिची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं. खडकीहून शिवाजीनगरला जाताना मी त्या बाजूला अजून उगाच बघतो.

शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस'चा थांबा आहे. सिमल्याचं काय पुण्यात, हा लहानपणीचा प्रश्न. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं आणि नाव थांब्याला चिकटून राहिलं. त्या खात्याचे १९०४ ते १९२४ पर्यंतचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर. हे मूळचे गणिती. जगभरच्या पावसाचे आकडे त्यांनी डागांच्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि निष्कर्ष काढला की नातं आहे म्हणावं तर फार क्षीण, भाकितासाठी टेकू म्हणून निरुपयोगी. मग त्यांनी सूर्य सोडून समुद्रांकडे पाहिलं आणि प्रशांत महासागराच्या दोन टोकांच्या हवेच्या दाबातला झोका त्यांना सापडला. आज एल निनोच्या बातम्या ऐकतो त्यामागे तो झोका आहे. माझी वही मी वॉकरांच्या नावानं बंद केली.

वही बंद केली, पण चुकीच्या ठिकाणी बघत होतो हे नंतर लक्षात आलं. ११ वर्षं हा समुद्राच्या लेखी एक उसासा. शतकं बघायला हवीत. आणि शतकांची नोंद मासळी बाजारात कुठली, ती चिखलात.

अरबी समुद्रात साधारण १५० मीटरपासून हजारभर मीटर खोलीपर्यंत पाण्याचा एक पट्टा असा आहे की त्यात प्राणवायू जवळजवळ नाही. वर जगलं-मेलं ते सगळं पावडरीसारखं खाली झिरपत राहतं, ते कुजताना प्राणवायू खाऊन टाकतं. हा पट्टा जिथे किनाऱ्याच्या उताराला टेकतो, तिथल्या गाळात किडे नाहीत, खेकडे नाहीत, उकरणारं कुणी नाही. त्यामुळे बसलेला थर बसल्या जागी राहतो. वर्षाला मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, पण ओळीनं. जहाजावरून नळी खाली सोडायची, गाळाचा दंडगोल वर काढायचा, उभा चिरायचा आणि वरून खाली वाचत जायचं. ज्या वर्षांत वर प्लवंग माजलं त्यांच्या थरात सेंद्रिय कार्बन जास्त. आणखी एक बारीक साक्षीदार असतो, ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा एकपेशीय जीव. रव्याच्या कणाएवढं चुन्याचं घर बांधून राहतो आणि वाऱ्यानं वर आलेल्या गार पाण्यात त्याची भरभराट होते. त्याची घरं मोजली की त्या काळचा वारा मोजला जातो. ओमानच्या उतारावरच्या गाळात ती मोजणाऱ्यांत खरगपूरचे आपले भूशास्त्रज्ञ होते. सूर्य मंद असतानाचे काळ आणि मोसमी वारे मंद असतानाचे काळ त्यांना एकमेकांवर पडताना दिसले. त्याआधी २००१ मध्ये ओमानमधल्या होटी गुहेतल्या चुनखडीच्या खांबानंही हेच सांगितलं होतं, सहा ते साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या पावसाबद्दल.

आणि आपल्या बाजूचा गाळ? अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या लोकांनी पूर्व अरबी समुद्रातला, म्हणजे आपल्याच देशाच्या उतारावरचा, थरांचा गाळ वाचला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केला. गेल्या हजार वर्षांत समुद्राच्या उत्पादकतेत त्यांना चढ-उतारांच्या लाटा दिसल्या, साधारण २००, १०० आणि ६० वर्षांच्या. सूर्याच्या तेजातही त्याच लांबीच्या लाटा आहेत.

हजार वर्षांपूर्वीचं सूर्याचं तेज कुणी मोजलं, असं विचाराल, तर त्यात मला सगळ्यांत गंमत वाटते. अवकाशातून येणारे वैश्विक किरण आपल्या हवेत कार्बन-१४ तयार करतात. सूर्य जोमात असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र या किरणांना अडवतं, तो मंदावला की कार्बन-१४ वाढतो. झाडं तो दरवर्षीच्या वलयात साठवतात. गाळाचं वय काढायलाही हाच कार्बन वापरतात. तारीख सांगणारा आणि साक्ष देणारा एकच.

तरीही सावध राहायला हवं. हजार वर्षांत २०० वर्षांची लाट पाचच वेळा येते. पाच वेळा जुळलं म्हणजे कायमचं जुळलं असं माझी वही तरी म्हणणार नाही. पण त्या चिखलात डिझेल नाही, बर्फ नाही आणि श्रावणही नाही, म्हणून त्याच्यावर माझा बाजारभावापेक्षा जास्त विश्वास आहे.

या हिशेबानं इतिहास वाचू लागलो की भलतीच चित्रं दिसतात. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळजवळ पडलेच नाहीत. युरोपात दुर्बिणी लावून बसलेली माणसं कोरा सूर्य बघत होती. म्हणजे आख्खं शिवकाळातलं आरमार, १६६४ मध्ये पाया घातलेला सिंधुदुर्ग, कल्याणच्या खाडीत बांधलेली गलबतं, नंतर राजाराम महाराज आणि ताराराणींची वर्षं, सगळं एका निर्मळ, मंद सूर्याखाली. त्याच कल्याणला १९६५ मध्ये गोविंद स्वरूप यांनी ३२ छोट्या थाळ्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली ती सूर्याचीच नाडी बघायला. आणि ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या माळावर जेव्हा पेशव्यांची फौज उतरली, तेव्हाही सूर्य अशाच एका, थोड्या सौम्य, मरगळीत होता. लढाई त्यामुळे हरली असं म्हणायला माझी तयारी नाही, लॉकियरसाहेबांनी कदाचित म्हटलं असतं.

आणि वारा जास्त लागला म्हणजे मासा जास्त, हेही पूर्ण खरं नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं दाखवून दिलं आहे की पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, वर आलेल्या पाण्यातला प्राणवायू आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ पार संपतो. वर नदीचं गोडं पाणी झाकणासारखं बसलेलं, खाली कुजणं चालू. अशा वेळी तळाचा मासा पळतो किंवा गुदमरतो. डाव जास्त फिरवला की आमटी करपते, असं काहीसं. आजीला हे सांगायला हवं होतं, ती वाद घालायला बसली असती.

गेल्या हिवाळ्यात विजयदुर्गाला गेलो. ओट्यांवर जरा बसून खाली उतरलो. वाघोटणच्या खाडीला ओहोटी होती. पलीकडे होड्या कलल्या होत्या, एक म्हातारा जाळं सांधत बसला होता. मी विचारलं, यंदा बांगडा कसा आहे? त्यानं मान वर न करता समुद्राकडे हनुवटी उडवली. "वारो बगा ना कसलो तो."

शतकांचा गाळ, शतकांचा गाळ म्हणत मी चिखलात उतरलो आणि घोट्यापर्यंत रुतलो. हा चिखल वाचता येण्यासारखा नव्हता. बोटाएवढी भोकं सगळीकडे आणि प्रत्येकातून एकेक खेकडा माती बाहेर फेकत होता, खालची वर, वरची खाली. मी पाय ओढला तर चप्पल आतच राहिली. कोपरापर्यंत हात घालून ती काढेपर्यंत चार खेकडे भोकांच्या तोंडाशी येऊन बघत होते.